खात्री करा म्हणता, मग खात्री करता येईल अशी सोय करा

प्रति,
मा. मुख्य सचिव, महाराष्ट्र शासन,
मा. सचिव, माहिती तंत्रज्ञान विभाग,
मा. महासंचालक, माहिती व जनसंपर्क महासंचालनालय,
मंत्रालय, मुंबई.

विषय : शासन निर्णय आणि सरकारी आदेश खरे की खोटे, चालू की रद्द, हे नागरिकाला स्वतः तपासता येण्याबाबत.

महोदय,

बनावट जीआर व्हॉट्सॲपवर फिरू लागला की शासनाचे ठरलेले आवाहन येते : ‘नागरिकांनी अफवांवर विश्वास ठेवू नये, अधिकृत संकेतस्थळावर खात्री करावी.’ खात्री करावी हे आम्हाला मान्यच आहे, आम्ही रोज तेच काम करतो. पण ती करायची कशी, हे त्या आवाहनात नसते. आणि करायला बसावे तर शासनाचीच संकेतस्थळे पावलोपावली आडवी येतात. हे दुर्लक्ष आता गप्प बसून सोसण्यासारखे राहिलेले नाही.

आम्ही सार्वजनिक वाचनालयांतले ग्रंथपाल. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळालेल्या ‘अ’ ते ‘ड’ वर्गांच्या वाचनालयांत, पेपर वाचायला येणारी माणसे मोबाइल पुढे करून विचारतात, “हा जीआर खरा आहे का हो?” विचारणारा कधी नुकसानभरपाईची वाट बघणारा शेतकरी असतो, कधी बदलीच्या यादीकडे डोळे लावून बसलेली शिक्षिका, कधी भरतीच्या तयारीतली मुले. आमचे उत्तर चुकले तर त्यांचा दिवसाचा रोज बुडतो, तहसीलची फेरी वाया जाते, एजंटच्या हातात पैसे पडतात किंवा अर्जाची मुदत निघून जाते. या प्रश्नात आमचा जीव गुंतलेला आहे तो यासाठी.

आधी खात्री करणे म्हणजे काय काय करावे लागते, ते सांगतो.

शासन निर्णयाच्या शेवटी एक परिच्छेद असतो : हा निर्णय शासनाच्या संकेतस्थळावर उपलब्ध असून त्याचा संकेतांक अमुक आहे. खाली ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’ आणि डिजिटल स्वाक्षरी. हा संकेतांक म्हणजे नुसता आकड्यांचा गुच्छ नव्हे, तो वाचता येतो. समजा, संकेतांक २०२३०७१४११३२०५४५२१ असा आहे. पहिले आठ अंक तारीख सांगतात : २०२३, सातवा महिना, १४ तारीख. पुढचे सहा अंक वेळ : ११ वाजून ३२ मिनिटे ५ सेकंद. मधले ४५ आपल्या कामाचे नाहीत, ते सोडून द्यायचे. शेवटचे दोन अंक विभागाचे, २१ म्हणजे शालेय शिक्षण, ०५ म्हणजे वित्त. आता मथळ्यावर कृषी विभाग आणि संकेतांकाच्या शेवटी २१ असेल, किंवा तासाच्या जागी २७ असेल, तर कागद तिथेच खाली ठेवावा. संकेतांकातली तारीख सहसा निर्णयाच्या दिवसाचीच किंवा एक-दोन दिवस पुढची असते. दोन वर्षांचे अंतर दिसले, तर कुणीतरी जुन्या जीआरचे शेपूट नव्या मजकुराला जोडले आहे असे समजावे.

एवढ्याने कागद खोटा ठरवता येतो, खरा नाही. खरा ठरवायचा तर जीआर डॉट महाराष्ट्र डॉट जीओव्ही डॉट इन या स्थळावर तो संकेतांक टाकायचा, तिथली पीडीएफ स्वतः उतरवून घ्यायची आणि फिरत असलेल्या प्रतीशी ओळ न् ओळ ताडून बघायची. खरी गंमत मधल्या पानांत केलेली असते. पहिले आणि शेवटचे पान अस्सल ठेवून फक्त तक्त्यातली रक्कम किंवा तारीख बदलली, की वरवर बघणारा सहज फसतो. म्हणून आम्ही तक्ते आणि आकडे आधी ताडतो, मजकूर नंतर.

स्थळावर सापडला नाही म्हणजे खोटाच, असेही म्हणता येत नाही. अधिसूचना राजपत्रात निघते. आयुक्तालयाचे पत्र, जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश, जिल्हा परिषदेचे परिपत्रक या गोष्टी जीआरच्या स्थळावर नसतातच. लोक मात्र या सगळ्याला ‘जीआर’च म्हणतात. कुठला कागद कुठे शोधायचा याचा साधा एक पानी तक्ताही शासनाने कुठे ठळकपणे लावलेला आम्हाला दिसला नाही. आम्ही आमच्यापुरता हाताने करून भिंतीवर चिकटवतो.

आता तक्रारी.

पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार रद्द झालेल्या निर्णयांची आहे. बनावट जीआरपेक्षा अस्सल पण मेलेला जीआर जास्त माणसे फसवतो. शालेय शिक्षण विभागाचा १६ एप्रिल २०२५ चा निर्णय घ्या. पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा अनिवार्य, असे त्यात होते. १७ जूनला तो शब्द बदलणारा सुधारित निर्णय आला आणि जून संपण्याआधी दोन्ही निर्णय मागे घेतले गेले. भाषेच्या वादात आम्हाला इथे शिरायचे नाही. मुद्दा असा की ते दोन्ही कागद अस्सल आहेत. संकेतांक बरोबर, स्वाक्षरी बरोबर. वरच्या सगळ्या कसोट्यांना ते उतरतात, आणि तरी त्यांतल्या कशाचाही अंमल नाही. पालकाच्या मोबाइलवर आजही एप्रिलचा कागद आला, तर त्या कागदावर तसे सांगणारी एक ओळही नाही.

लाडक्या बहिणीचेही तेच झाले. २८ जून २०२४ च्या निर्णयात वयोमर्यादा २१ ते ६०, अर्जाची मुदत १५ जुलै आणि पाच एकरांपेक्षा जास्त शेती नसावी अशी अट. आठवडाभरात वय ६५ वर गेले, मुदत ३१ ऑगस्टपर्यंत वाढली, शेतीची अट गेली आणि पिवळे-केशरी रेशनकार्ड असणाऱ्यांना उत्पन्नाच्या दाखल्यातून सूट मिळाली. ज्यांच्या हाती जूनचा कागद होता त्या बायका सेतू केंद्राबाहेर उन्हापावसात उभ्या राहिल्या, ज्या दाखल्याची गरजच उरली नव्हती तो काढण्यासाठी.

सही झालेल्या पीडीएफमध्ये नंतर काही लिहिता येत नाही, लिहिले तर सही मोडते, हे आम्ही जाणतो. पण यादीच्या पानावर, त्या निर्णयाच्या शीर्षकाशेजारी, ‘अमुक संकेतांकाच्या निर्णयान्वये अधिक्रमित’ (म्हणजे याची जागा आता त्या नव्या निर्णयाने घेतली) एवढे लिहायला कुठलीच तांत्रिक अडचण नाही. नव्या निर्णयात ‘संदर्भ’ म्हणून जुन्यांची यादी असतेच. नव्याकडून जुन्याकडे रस्ता आहे, जुन्याकडून नव्याकडे नाही, आणि लोकांच्या हातात पडतो तो नेहमी जुना. शोधयंत्राच्या माथ्यावर हल्ली एआयने केलेला सारांश येतो, तिथेही असाच घोळ होण्याची भीती आहे : ६० आणि ६५ दोन्ही वये एकाच परिच्छेदात. यंत्राला तरी जुने कुठले आणि नवे कुठले हे कळणार कसे, मूळ स्थळावरच ते लिहिलेले नसेल तर?

दुसरी तक्रार स्वाक्षरीची. ‘हा आदेश डिजिटल स्वाक्षरीने साक्षांकित करून काढण्यात येत आहे’ असे वाचून माणसाला धीर येतो. प्रत्यक्षात मोबाइलवर पीडीएफ उघडली तर स्वाक्षरीचे फक्त चित्र दिसते. व्हॉट्सॲपचे पूर्वदृश्य किंवा क्रोम ती तपासत नाही. संगणकावर ॲक्रोबॅट रीडरमध्ये उघडली तर बहुतेक वेळा पिवळे प्रश्नचिन्ह येते : वैधता अज्ञात. कारण असे की भारतातल्या डिजिटल स्वाक्षऱ्यांच्या साखळीचे मूळ ‘सीसीए इंडिया’ (प्रमाणपत्रे देणाऱ्या संस्थांवरचे केंद्र सरकारचे नियंत्रक) यांचे प्रमाणपत्र आहे आणि रीडरच्या विश्वासू यादीत ते आपोआप नसते. ते घालायला स्वाक्षरीवर उजवी टिचकी, मग ‘सिग्नेचर प्रॉपर्टीज’, ‘शो सायनर्स सर्टिफिकेट’, डावीकडच्या साखळीत सर्वांत वरचे नाव निवडायचे, ‘ट्रस्ट’, ‘ॲड टू ट्रस्टेड सर्टिफिकेट्स’, आणि पुन्हा पडताळणी. तेव्हा कुठे हिरवी खूण उमटते. इतके कोण करणार?

आणि जो करेल त्यालाही इथे एक खड्डा आहे. हव्या त्या नावाचे घरगुती प्रमाणपत्र कोणालाही बनवता येते, आणि त्याने सही केलेली पीडीएफ उघडली तरी तेच पिवळे प्रश्नचिन्ह येते. म्हणजे नागरिकाच्या पडद्यावर अस्सल आणि बनावट यांचे तोंड सारखेच. साखळीत वर कोण आहे हे न बघता ‘ट्रस्ट’ दाबले, तर खोट्या सहीलाही हिरवी खूण मिळते आणि तो संगणक पुढे त्या प्रमाणपत्राच्या प्रत्येक कागदाला अस्सल म्हणत राहतो. म्हणून आम्ही लोकांना सांगतो : साखळीच्या माथ्यावर ‘सीसीए इंडिया’ दिसल्याशिवाय काहीही दाबू नका, आणि दिसले तरी नुसत्या नावावर जाऊ नका, ते नावही बनवता येते; सीसीएच्या स्वतःच्या संकेतस्थळावरच्या मूळ प्रमाणपत्राशी ते ताडून बघा. एकदा छापून स्कॅन केलेली किंवा फोटो काढलेली प्रत असेल, तर स्वाक्षरीचा विषयच संपला. तिथे उरते ते फक्त शाईचे चित्र. दुःखाची गोष्ट ही की तालुका पातळीवरची कार्यालये स्वतःच जीआर छापून, त्यावर गोल शिक्का मारून, मोबाइलने फोटो काढून गटावर टाकतात. शासनच आपली स्वाक्षरी अशी पुसून टाकते आणि लोकांना शिक्क्यावर विश्वास ठेवायची सवय लावते.

तिसरी तक्रार शोधण्याची. जीआरच्या स्थळावरचा शोध विभाग, तारीख, संकेतांक आणि शीर्षकातले शब्द यांवर चालतो. आतल्या मजकुरावर नाही. शीर्षक असते ‘...धोरणात सुधारणा करण्याबाबत’. त्यातून माणसाने काय शोधावे? जुने निर्णय स्कॅन केलेली चित्रे आहेत, त्यात अक्षर म्हणून काहीच नाही. त्यानंतरच्या काळातले अनेक निर्णय जुन्या फॉन्टमधले. पडद्यावर मराठी दिसते, पण नक्कल करून दुसरीकडे चिकटवले की रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी हाती येते. युनिकोडमधल्या पीडीएफमधूनही मजकूर उचलला की पहिली वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटते आणि जोडाक्षरे तुटतात.

एक शब्द जवळून दाखवतो. ‘शेतकऱ्यांना’ आणि ‘शेतकर्‍यांना’. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. पण पहिल्यातला अर्धा ‘र’ खाली टिंब असलेल्या ‘ऱ’पासून केला आहे आणि दुसऱ्यातला साध्या ‘र’ला हलंत व एक अदृश्य जोडचिन्ह लावून. संगणकाच्या लेखी हे दोन वेगळे शब्द. एका रूपाने शोधले तर दुसऱ्या रूपातला कागद हाती लागेलच याची खात्री नाही. चुकीचे पण सर्रास टंकले जाणारे ‘शेतकर्यांना’ हे तिसरे. ‘ॲप’मधला ‘ॲ’ही दोन तऱ्हांनी टंकला जातो. मराठी आणि इंग्रजी आकड्यांचेही तसेच. आम्ही प्रत्येक शब्द दोन-तीन रूपांत टाकून बघतो, ‘बहीण’ आणि ‘बहिण’ दोन्ही. शेतकऱ्यांसाठीच काढलेला निर्णय ‘शेतकरी’ शब्दामुळेच शेतकऱ्याला सापडू नये, याहून मोठी उपेक्षा आम्हाला सुचत नाही. शोध घेण्याआधी ही सगळी रूपे एकाच साच्यात आणणे ही मोजक्या ओळींची आज्ञावली आहे.

चौथी, पत्त्यांची. वाचनालयात आम्ही शिकवतो : पत्ता उजवीकडून वाचा. सुरुवातीच्या दोन तिरप्या रेघा सोडून पुढे येणाऱ्या पहिल्या तिरप्या रेघेच्या लगेच आधी ‘डॉट जीओव्ही डॉट इन’ असेल तर स्थळ सरकारी, कारण तो पत्ता सरकारी संस्थांनाच मिळतो. ‘महाराष्ट्र’, मग आडवी रेघ, मग ‘जीओव्ही डॉट इन’ असे दिसले तर सावध व्हा, तिथे टिंब हवे होते. कुलपाच्या चित्राला भुलू नका. मधल्या वाटेवर कोणी ऐकत नाही, एवढेच ते सांगते, पलीकडे कोण बसले आहे हे सांगत नाही.

नियम सोपा आहे, पण तो शासनच मोडते. सीईटी कक्षाचा पत्ता ‘महासीईटी डॉट ऑर्ग’ने संपतो. महावितरण ‘महाडिस्कॉम डॉट इन’वर. २०२५ चे अकरावीचे प्रवेश ‘महाएफवायजेसीॲडमिशन्स डॉट इन’वर झाले. ही सगळी स्थळे खरी आहेत, पण असे पत्ते थोड्या पैशांत कोणीही नोंदवू शकतो. मग मुलांना आम्ही काय शिकवायचे? लाडकी बहीण योजनेचे स्थळ सरकारी पत्त्यावर आहे, ही चांगली गोष्ट. पण त्याच्या रोमन नावात ‘ड’नंतर एक ‘ए’ जास्तीचा आहे, जो सहसा कोणी टंकत नाही. २०२५ मध्ये ई-केवायसी सुरू झाली तेव्हा बनावट स्थळे उभी राहिल्याच्या बातम्या आल्या. आधार क्रमांक मागणाऱ्या पानाच्या बाबतीत एवढी ढिलाई चालायला नको होती.

पावसाळ्यातल्या सुट्ट्यांबद्दल थोडक्यात. जिल्हाधिकारी शाळांना सुट्टी जाहीर करतात, पत्राचा फोटो फिरतो, आणि त्याच्याबरोबर गेल्या वर्षीचे पत्रही फिरते. आम्ही वार आणि तारीख जुळते का, जावक क्रमांकात साल कोणते, वरचा भाग कापलेला आहे का, एवढे बघतो. जिल्ह्याच्या संकेतस्थळावर ते पत्र चढेपर्यंत मुले शाळेत पोचलेली किंवा घरी बसलेली असतात.

कुणीतरी ‘खरे’ आणि ‘खोटे’ असे शिक्के मारणारा कक्ष काढावा, अशी आमची मागणी नाही. केंद्राच्या माहिती तंत्रज्ञान नियमांच्या २०२३ च्या दुरुस्तीतले फॅक्ट चेक युनिट मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द केले, ते योग्यच झाले असे आमचे मत आहे. शासनाने निवाडा करू नये, मूळ कागद नीट समोर ठेवावा. माहिती अधिकार कायदा २००५ चे कलम ४ अभिलेखांची सूची करून ते सहज मिळतील असे ठेवायला सांगते, आणि स्थानिक भाषेचा विचार करायलाही सांगते. आमच्या मागण्या त्या चौकटीतल्याच आहेत.

एक, यादीतल्या प्रत्येक शासन निर्णयासमोर त्याची आजची स्थिती लिहावी : अंमलात, सुधारित, अधिक्रमित, रद्द. सुधारणा करणाऱ्या निर्णयाचा संकेतांक तिथेच द्यावा. नवा निर्णय चढवताना जुन्याची स्थिती भरल्याशिवाय तो चढूच नये, अशी व्यवस्था करावी. मागचे सगळे एकदम होणार नाही. शिक्षण, कृषी, महिला व बालविकास आणि सामाजिक न्याय या चार विभागांपासून सुरुवात करा.

दोन, प्रत्येक निर्णयावर क्यूआर कोड छापावा. तो स्कॅन केला की त्या निर्णयाचे सरकारी पत्त्यावरचे पान, स्थितीसकट, उघडावे. फोटोची फोटोप्रत असली तरी हे चालेल, आणि स्वाक्षरीचे कोडे कुणालाही सोडवावे लागणार नाही.

तीन, पीडीएफबरोबर निर्णयाचा मजकूर युनिकोडमध्ये साध्या वेबपानावर द्यावा आणि शोध आतल्या मजकुरावर चालावा, ‘ऱ्या’ची सगळी रूपे एक धरून.

चार, नागरिकाकडून आधार, बँक खाते किंवा शुल्क घेणारे राज्याचे प्रत्येक स्थळ ‘जीओव्ही डॉट इन’वर न्यावे. तोवर सर्व खऱ्या पत्त्यांची एक यादी राज्याच्या मुख्य संकेतस्थळावर, पहिल्या पानावर ठेवावी.

पाच, कार्यालयांनी गटांवर जीआरचा फोटो टाकू नये, दुवा टाकावा. सुट्टीचे आदेश आधी जिल्ह्याच्या स्थळावर ठरलेल्या एका पानावर चढवावेत, मग इतरत्र पाठवावेत.

या कामात वाचनालयांचा उपयोग करून घ्या. लोक मोबाइल घेऊन आमच्याकडे येतातच, रद्द निर्णयांच्या याद्या जुळवायला आम्ही हात लावू.

या पत्राचे उत्तर आम्हाला खासगी पत्राने नको. ते परिपत्रक म्हणून काढावे, त्यावर संकेतांक असावा आणि ते जीआरच्या संकेतस्थळावर ठेवावे. वाचनालयात येणाऱ्या प्रत्येकाला ते कसे तपासायचे, हे आम्ही त्याच कागदावर शिकवू.

आपले,
राज्यातील सार्वजनिक वाचनालयांत काम करणारे काही ग्रंथपाल